वाचकांचे प्रश्न: ट्रिमचा काटा नाचतो, ड्राइव्ह वर येत नाही

मागच्या अंकात आत इंजिन अन् बाहेर ड्राइव्ह असलेल्या बोटींबद्दल, म्हणजे स्टर्नड्राइव्हबद्दल, थोडं लिहिलं होतं. त्यावर भंडारा, गोंदिया, अमरावतीकडून पत्रं आली अन् त्यातली बरीच ट्रिमवरच, म्हणजे बाहेरची ड्राइव्ह बटनानं वर-खाली करण्यावरच, अडकलेली आहेत. आपल्याकडे धरणाच्या पाण्यावर अशा बोटी हळूहळू येऊन राहिल्या, पण त्या दुरुस्त करणारा माणूस जवळपास सापडत नाही, हाताशी असतो तो ट्रॅक्टरचा मेकॅनिक नाहीतर मोटार रिवाइंडिंगवाला. हे दोघंही ट्रिमचं काम चांगलं करू शकतात, फक्त कोणती वायर कशाची ते त्यांना कोणी सांगितलं पाहिजे. म्हणून या वेळी ट्रिमलाच सगळी जागा देतो.

प्रश्न : भाऊ, आम्ही तिघा मित्रांनी मिळून मुंबईकडून जुनी फायबरची बोट आणली, गोसेखुर्दच्या पाण्यावर चालवतो. आता वर घ्यायचं बटन दाबलं तर काहीच होत नाही, साधा आवाज पण नाही. खाली घ्यायचं बटन चालते. ट्रेलरचं बटन दाबलं तर ड्राइव्ह मस्त पूर्ण वर येते. अन् ट्रिमचा काटा तर कधी खालीच पडून राहते, कधी स्टिअरिंग फिरवलं की एकदम वर उडते. इथला मेकॅनिक म्हणते पंपच बदला, पैसे लय लागून राहिले, काय करावं?
एक वाचक, पवनी, जि. भंडारा

उत्तर : भाऊ, पंपाला हात लावू नका. पंप चांगला आहे हे तुमच्याच पत्रात लिहिलेलं आहे. ट्रेलरच्या बटनानं ड्राइव्ह वर येते म्हणजे पंपाची मोटर, तेल, सिलिंडर, बॅटरी, फ्यूज अन् वर नेणारा सोलेनॉइड, म्हणजे मोटरला करंट जोडणारा रिले, हे सगळं काम करून राहिलं. कारण दोन्ही बटनं शेवटी त्याच एका सोलेनॉइडला करंट देतात. फरक इतकाच की वर घ्यायच्या बटनाचा करंट मधात एका स्विचमधून जातो अन् ट्रेलरच्या बटनाचा त्या स्विचला टाळून सरळ जातो. तो मधातला म्हणजे ट्रिम लिमिट स्विच. तुमच्याकडे एकतर तो गेला नाहीतर त्याची वायर कुठंतरी तुटली, अन् क्वचित वर घ्यायचं बटनच आतून खराब असतं, ते कसं ओळखायचं ते खाली सांगतो.

काट्याचं दुखणं वेगळं आहे अन् त्याचा सेन्सर पण वेगळा आहे. बोट ट्रेलरवर घ्या अन् मागून नीट पाहा. ड्राइव्ह ज्या जिंबल रिंगमध्ये डावी-उजवीकडे वळते त्या रिंगच्या दोन्ही अंगांना, जिथं ड्राइव्हचा वर-खाली होण्याचा पिन आहे तिथं, एकेक काळी गोल डबी दिसेल, दोन-दोन स्क्रूनं बसवलेली. दिसायला दोन्ही सारख्याच. मर्क्रूझर कंपनीच्या आल्फा अन् ब्राव्हो ड्राइव्हवर, तुम्ही बोटीत पुढं तोंड करून बसले तर, उजव्या हाताची डबी काट्याला सिग्नल देणारा सेंडर अन् डाव्या हाताची लिमिट स्विच. सेंडरच्या आतमध्ये जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटनासारखीच रचना आहे, पिन फिरला की रेझिस्टन्स बदलतो अन् काटा हलतो, बस. तो ड्राइव्हला अडवत नाही की चालवत नाही. तो पूर्ण मेला तरी ड्राइव्ह वर-खाली होत राहते, तुम्हाला फक्त ती कुठं आहे ते कळत नाही.

आता तपासणी. पेट्रोल इंजिन असेल तर हॅच उघडून आधी बिल्ज ब्लोअर, म्हणजे बोटीच्या तळातली हवा बाहेर काढणारा पंखा, कमीत कमी ४ मिनिटं चालवा, नाकानं वास घ्या, मगच वायरींना हात लावा. आत साचलेल्या पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते, यात घाई करू नका. इंजिन बंद, बोट ट्रेलरवर, अन् ड्राइव्ह अन् ट्रान्समच्या (बोटीच्या मागच्या भिंतीच्या) मधात कोणाचा हात नाही की मागं कोणी पोरगं उभं नाही हे बटन दाबायच्या आधी दरवेळी पाहा.

दोन्ही डब्यांच्या वायरी ट्रान्समच्या आरपार आत येतात अन् पंपाच्या आसपास खटक्याच्या कनेक्टरनं जोडलेल्या असतात. लिमिट स्विचच्या दोन वायरी सुट्या करा, मल्टिमीटर बीपवर ठेवा. ड्राइव्ह पूर्ण खाली असताना बीप आला पाहिजे. नाही आला म्हणजे स्विच किंवा त्याची केबल गेली. खात्री करायची तर बोटीकडून येणारी जी दोन टोकं मोकळी झाली ती एकमेकांना एका तुकड्या वायरीनं जोडा अन् वर घ्यायचं बटन दाबा. ड्राइव्ह वर आली तर दोष स्विचकडचाच. नाही आली तर मग बटन नाहीतर बटनापासून पंपापर्यंतची वायर पाहा. पंपाच्या सोलेनॉइडवर वर नेणारी वायर निळी-पांढरी असते अन् खाली नेणारी हिरवी-पांढरी, बटन दाबून निळ्या-पांढऱ्यावर १२ व्होल्ट येतात का ते तपासा.

तो वायरीचा तुकडा तपासणी झाली की काढून टाका, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो. सीझन आहे, गिऱ्हाईक उभं आहे, म्हणून तसाच ठेवायचा मोह होतो. लिमिट स्विच तिथं कशासाठी दिला ते समजून घ्या. ड्राइव्ह एका हद्दीपर्यंत वर असते तोपर्यंत तिला जिंबल रिंगच्या दोन्ही कडांचा बाजूनं आधार असतो. त्या हद्दीच्या वर गेली की आधार सुटतो, आतला युनिव्हर्सल जॉइंट वाकड्या कोनात फिरतो, अन् अशात कोणी जोरात रेस दिली तर ठोके पडायला लागतात, जॉइंट जातो, ड्राइव्ह पण तडकू शकते. ट्रेलरच्या बटनानं हद्द ओलांडायची ती ट्रेलरवर चढवताना किंवा उथळ पाण्यातून सरकताना, अन् तेव्हाही इंजिन १२०० आरपीएमच्या वर न्यायचं नाही अन् पाणी ओढायची छिद्रं पाण्यातच राहिली पाहिजेत, नाहीतर पाणी ओढणारा इंपेलर कोरडा फिरून जळतो.

याच्या उलटा एक बिघाड आहे अन् तो मला जास्त भीतीचा वाटतो, कारण त्याबद्दल कोणी पत्र लिहित नाही. स्विच आतून चिकटून कायम जोडलेलाच राहतो. सगळी बटनं मस्त चालतात, कोणाला काही खटकत नाही, पण वर घ्यायचं साधं बटन ड्राइव्हला हद्दीवर थांबवतच नाही, थेट टोकापर्यंत नेते. म्हणून बटनं चालत असली तरी सीझनच्या सुरुवातीला एकदा ट्रेलरवर उभी बोट घेऊन साधं वरचं बटन दाबून धरा अन् ड्राइव्ह मधात थांबते का ते डोळ्यानं पाहा. मीटरवर पण तेच दिसतं, खाली असताना बीप, वर जाताना एका जागी बीप बंद. बंदच होत नसेल तर स्विच बदला.

आता काटा. आधी गेज चांगलं की नाही ते पाहू. गेजच्या मागं तपकिरी-पांढरी वायर आहे, ती सेंडरकडून येते. ती गेजवरून काढा, चावी ऑन करा, अन् त्या मोकळ्या टर्मिनलवरून एक तुकडा वायर क्षणभर अर्थला लावा. काटा एका टोकाला गेला पाहिजे, काढली की दुसऱ्या टोकाला. असं झालं तर गेज शाबूत. फक्त बाजूच्या जांभळ्या वायरीच्या टर्मिनलला अर्थ लावू नका, तिथं बॅटरीचा करंट असतो, फ्यूज उडेल. मग सेंडरच्या दोन वायरी, तपकिरी-पांढरी अन् काळी, सुट्या करून ओहमवर मोजा. ड्राइव्ह पूर्ण खाली असताना साधारण १० ओहम अन् पूर्ण वर असताना १६७ च्या आसपास यायला पाहिजे. आकडा थोडा इकडंतिकडं चालतो. महत्त्वाचं हे की ड्राइव्ह वर जाताना आकडा सावकाश चढत गेला पाहिजे, मधातच उडी मारत असेल किंवा एकदम ओपन दाखवत असेल तर आतली पट्टी घासली.

पण तुम्ही लिहिलं की स्टिअरिंग फिरवलं की काटा उडतो, त्यावरून मला पट्टीपेक्षा केबलचा संशय जास्त आहे. डबी पिनवर बसलेली, केबल ट्रान्समकडं जाते, म्हणजे ड्राइव्ह दरवेळी वळली की केबल त्याच एका जागी वाकते. वर्षानुवर्षं वाकून आतली तांब्याची तार तुटते अन् वरचं प्लास्टिक मात्र धड दिसतं. मीटर लावून ठेवा, एकजण स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवेल, दुसरा आकडा पाहील. मग केबल हातात धरून थोडी-थोडी वाकवत जा, जिथं आकडा हलला तिथंच तुटलेली आहे. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो अन् बोट ट्रेलरवर उघडी उन्हात उभी असते, त्यानं केबलचं प्लास्टिक अन् ड्राइव्हचे रबरी बेलो (पाणी आत येऊ न देणारे घडीचे पाइप) कडक होऊन तडकतात, नंतर पाण्यात गेल्यावर तारेतून पाणी वर चढतं अन् तांबं काळं-हिरवं होतं. ताडपत्री तरी टाकत जा.

मुंबईकडची बोट आहे म्हणजे तिनं खारं पाणी पाहिलेलं आहे. आतले खटक्याचे कनेक्टर एकेक करून उघडा, हिरवी बुरशी असेल तर ते कापून नवे क्रिम्प करा, गम असलेली हीट श्रिंक चढवा. नुसती काळी टेप गुंडाळून भागत नाही, बिल्जच्या ओलीत ती महिन्याभरात सुटते. अन् एक जाता जाता, समुद्रातली बोट असल्यानं ड्राइव्हवर तिला गंजापासून वाचवणारे झिंकचे अ‍ॅनोड असतील, गोड्या पाण्यात ते नीट काम करत नाहीत, धरणासाठी मॅग्नेशियमचे लावा.

दोन्ही डब्या बहुतेक जोडीनंच मिळतात अन् जोडीनंच बदला, कारण बदलायला जी मेहनत आहे ती एकासाठी करा की दोनसाठी, तेवढीच आहे.

प्रश्न : आमच्या बोटीत ट्रिमचा काटा बरोबर दाखवतो, बटनं पण चालतात, पण रात्री ड्राइव्ह वर करून ठेवली की सकाळी खाली बसलेली असते. सेन्सर ड्राइव्हला धरून ठेवत नाही का? बाजूच्या बोटवाल्यानं सेन्सर बदलायला सांगितलं.
एक वाचक, रामटेक, जि. नागपूर

उत्तर : ताई, सेन्सरचा याच्याशी काही संबंध नाही, तो पैसा वाचवा. ड्राइव्हला वर धरून ठेवतं ते सिलिंडरमधलं तेल. ते कुठंतरी पाझरतं, एकतर बाहेर नाहीतर आतल्या आत. दोन्ही सिलिंडरचे चकचकीत रॉड कपड्यानं पुसा, ड्राइव्ह एकदा वर-खाली करा अन् पाहा, रॉडवर तेलाची ओली रिंग दिसली की सील गेलं. होसच्या जोडांवर बोट फिरवा. पंपाच्या टाकीतलं तेल ड्राइव्ह पूर्ण खाली असतानाच मोजायचं, वर असताना मोजलं तर ते कमीच दिसेल अन् तुम्ही उगीच जास्त भराल. तेल कमी होत असेल तर गळती बाहेर आहे. तेल तेवढंच राहून ड्राइव्ह बसत असेल तर पंपाचा व्हॉल्व्ह किंवा सिलिंडरच्या आतलं सील, ते काम हायड्रॉलिकवाल्याचं. आपल्याकडे जेसीबी अन् हार्वेस्टरचे सिलिंडर उघडणारे कारागीर आहेत, सील बसवणं त्यांना नवीन नाही, फक्त मापाचं सील मिळालं पाहिजे. तेल दुधासारखं पांढरं दिसलं तर त्यात पाणी गेलं, सगळं बदला. ट्रिमचं खास तेल नसेल मिळत तर मर्क्रूझरच्या पंपात १०डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल चालतं, ब्रेक ऑइल घालू नका, त्यानं सीलं फुगतात.

प्रश्न : आमच्या बोटीत काट्याचं गेज नाही, स्क्रीनवर ट्रिम दिसते. ती मधातच गायब होते. मीटरनं ओहम मोजले तर दहा अन् एकशेसदुसष्ट काही जुळून नाही राहिले. सेंडर फेकून देऊ का?
एक वाचक, मोर्शी, जि. अमरावती

उत्तर : थांबा, फेकू नका. वायरी मोजा आधी, दोन आहेत की तीन. स्क्रीनवाल्या बोटीत तीन वायरींचा डिजिटल सेंडर असतो, त्याला १० अन् १६७ चा हिशेब लागूच नाही. त्याला इंजिनच्या कॉम्प्युटरकडून ५ व्होल्ट मिळतात, एक वायर अर्थ, अन् तिसऱ्या वायरीवरून ड्राइव्हच्या जागेप्रमाणं कमी-जास्त व्होल्टेज परत जातं. चावी ऑन ठेवून व्होल्टवर तपासा. पहिल्या वायरीवर ५ व्होल्टच नसतील तर सेंडर निर्दोष आहे, दोष मागं वायरिंगमध्ये शोधा. ५ व्होल्ट आहेत, अर्थ पण चांगली आहे, अन् ड्राइव्ह हलवताना सिग्नलचं व्होल्टेज गुळगुळीत न बदलता तुटतं, तर मग सेंडर किंवा केबल. दुकानदार स्वस्तात दोन वायरींचा देतो म्हणेल तो घेऊ नका, तो या सिस्टिमवर चालत नाही. नवा बसवल्यावर स्क्रीनच्या मेनूत जाऊन ट्रिमचं कॅलिब्रेशन करा, पूर्ण खाली अन् पूर्ण वर अशा दोन्ही जागा त्याला पुन्हा शिकवाव्या लागतात.

प्रश्न : आमच्या गावच्या शोध-बचाव पथकाकडं रबरी बोट अन् मागं ओबीएम, म्हणजे बाहेरून लावायचं इंजिन, आहे. त्याला पण हे सेन्सर असतात का?
एक वाचक, अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

उत्तर : लहान ओबीएम बहुतेक हातानं उचलायचे असतात, त्यात ना पंप ना सेन्सर, पिनाचं भोक बदलून कोन बदलायचा. मोठ्या मशीनला पॉवर ट्रिम असेल तर सेंडर क्लॅम्प ब्रॅकेटच्या आतल्या बाजूला असतो अन् त्याचं माप कंपनीप्रमाणं बदलतं, वरचे आकडे त्याला लावू नका. पण एक सांगतो. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेला जो पूर आला तो आपल्या चार जिल्ह्यांनी पाहिला, पुराच्या पाण्यात वाहून आलेली झाडं, कुंपणाच्या तारा, शेतातले पाइप सगळं असतं, अन् तेव्हा मशीन झटकन उचलता आलं पाहिजे. म्हणून पावसाळ्याच्या आधी टिल्टचं लॉक सुटतं का, अन् सुटल्यावर मशीन मोकळं वर येतं का, एवढं हातानं करून पाहा. गंजून बसलेलं लॉक पुराच्या रात्री सुटत नाही.

प्रश्न : दोन्ही सेन्सर कुरिअरनं मागवले, आले. आता बसवायचे कसे? ड्राइव्ह काढायलाच लागते का? मी जुनी केबल बाहेरच कापून तिथंच जोड मारायचा विचार करून राहिलो.
एक वाचक, तुमसर, जि. भंडारा

उत्तर : जोड मारू नका भाऊ. तुम्ही जिथं कापणार तो भाग बोट उभी असताना पाण्याखाली असतो अन् चालताना सारखा वाकतो, पाणी अन् वाकणं दोन्ही एकाच जोडावर येईल. हीट श्रिंक कितीही चांगली असली तरी तो जोड एका सीझनच्या वर मी धरणार नाही. मधात कुठं अडकले, पाण्यातून बोट काढायचीच सोय नाही, तर तात्पुरतं ठीक.

नवी केबल अख्खी जुन्याच वाटेनं आत न्यायची. ती ट्रान्सममधून जिथं आत जाते ती जागा ड्राइव्हच्या मागं दडलेली आहे, म्हणून बहुतेक बोटींत ड्राइव्ह उतरवावीच लागते. आल्फा असेल तर उतरवायच्या आधी गिअर फॉरवर्डमध्ये टाका, ब्राव्हो असेल तर न्यूट्रलमध्ये. ट्रिमचे सिलिंडर ड्राइव्हपासून सोडा, सहा नट काढा. ड्राइव्ह जड असते, खाली ट्रॉली किंवा चेन ब्लॉकचा आधार घ्या, दोघांनी नुसतं हातावर तोलायला जाऊ नका. सुटली की लगेच केबलच्या मागं लागू नका, आधी आत हात घालून जिंबल बेअरिंग बोटानं फिरवा. खरखर लागली किंवा गंजाचं पाणी बोटाला आलं तर तेही आताच बदला, अन् बेलोच्या घड्या एकेक उलगडून उजेडात पाहा. बेलो फाटला तर बोटीत पाणी येतं अन् बोट बुडू शकते, सेन्सरपेक्षा ते काम मोठं आहे. ड्राइव्ह एकदा उघडी आहेच तर दोन्ही करून घ्या.

जुनी केबल ओढून काढताना तिच्या आतल्या टोकाला सुतळी बांधा, केबल बाहेर आली की सुतळी त्या वाटेत राहील, तिलाच नवी केबल बांधून आत ओढा. होसच्या खालून-वरून जशी जुनी गेली होती तशीच न्या. बाहेरच्या बाजूला थोडा ढिलेपणा ठेवा, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून केबल ताणत नाही अन् कुठं चेपत नाही हे पाहूनच क्लिपा आवळा. या ठिकाणी घाई केली तर नवी केबल पण पुढच्या वर्षी त्याच जागी तुटेल.

डब्या बसवताना पिनच्या टोकाची खाच अन् डबीच्या आतली खाच जुळली पाहिजे, जुळली नाही अन् स्क्रू आवळले तर आतलं प्लास्टिक तुटतं. जोर लागून राहिला असं वाटलं की काढा, खाच फिरवा, पुन्हा बसवा. डबीवर खुणेची रेघ असते, ती जुळवून स्क्रू सैलच ठेवा, कारण डबीची भोकं लांबट आहेत अन् त्यातच सेटिंग करायचं असतं.

ड्राइव्ह नव्या गॅस्केटवर चढवून नट मॅन्युअलच्या मापानं टॉर्कला आवळले की सेटिंगकडे या. ड्राइव्ह पूर्ण खाली घ्या, चावी ऑन करा, उजव्या हाताची डबी सावकाश फिरवा, काटा खालच्या खुणेवर आला की स्क्रू आवळा. वरची खूण जुळवायच्या मागं लागू नका, खालची धरा. बोट पाण्यावर उठायला लागते तेव्हा ड्राइव्ह पूर्ण आत आहे की नाही हे काट्यावरून कळलं पाहिजे, तेच खरं उपयोगाचं. मग डाव्या हाताचा लिमिट स्विच रेघेवर ठेवून साधं वरचं बटन दाबा अन् ड्राइव्ह थांबते तिथं सिलिंडरचा रॉड किती बाहेर आला ते पट्टीनं मोजा, तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये हे माप दिलेलं आहे. जास्त निघालं तर ड्राइव्ह खाली घ्या, स्विच थोडा फिरवा, पुन्हा दाबा. हे चार-पाच वेळा करावं लागतं, कंटाळू नका. कमी निघालं तर बोटीचं नाक पुरेसं उचलणार नाही, बाकी नुकसान काही नाही. जास्त मात्र ठेवायचं नाही.

पहिली फेरी एकट्यानं अन् लाइफ जॅकेट घालून मारा, सवारी नंतर. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडीत क्षेत्रातली झाडांची खोडं वर येतात, तिकडं जाऊ नका, खोल पाण्यात सरळ चालवत ट्रिम वर-खाली करा, दोन्हीकडं पूर्ण स्टिअरिंग मारा अन् काटा सोबत चालतो का पाहा. परत आल्यावर बिल्जमध्ये टॉर्च मारून केबल आत येते ती जागा कोरडी आहे का तपासा. ओल दिसली तर बोट रात्रभर पाण्यात बांधून ठेवू नका, त्याच दिवशी ट्रेलरवर घ्या.